पाठीखालचा तळवा

१

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेसहाला, बेळगावातल्या एका शाळेच्या तरणतलावाच्या काठावर चौदा पोलीस रांगेत उभे होते. निपाणीकडच्या नदीकाठच्या एका ठाण्याची ती सगळी माणसे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाला पाण्यात तग धरता आला पाहिजे, असा वरून हुकूम आला होता. पाच दिवस शिकायचे, शुक्रवारी परीक्षा द्यायची आणि जे उत्तीर्ण होतील त्यांनी आषाढात पुराच्या बोटीवर जायचे.

रांगेत सर्वांत वयस्क आनंदराव होते. ते ठाण्याचे रायटर. ठाण्यातला प्रत्येक कागद त्यांच्या हातून जाई. खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत वाढलेले, पूजा झाल्याशिवाय चहाही न घेणारे गृहस्थ. सारे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना पोहता येत नव्हते. ते त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते आणि त्यांना कधी कोणी विचारलेही नव्हते.

शिकवायला भीमाप्पा आले होते. अग्निशामक दलातून निवृत्त झालेले, साठी उलटलेले, पंजा वल्ह्याच्या पात्याएवढा.

"अण्णा, तुमी आदी या," ते पाण्यातून म्हणाले. "रायटर तरला तर ठाणं तरलं."

"आणि बुडला तर आमच्या रजेचे अर्ज कोण लिवणार, आप्पा?" मागून आदर्श नावाचा तरुण शिपाई म्हणाला. सगळे हसले.

आनंदराव पायऱ्या उतरले. भीमाप्पांनी त्यांना उताणे निजवले आणि पाठीखाली तळवा धरला. "वर आभाळाकडं बघा. मान सैल सोडा. पाण्याला भ्यायचं न्हाय आणि पाण्याशी भांडायचंबी न्हाय. मी हाय खाली."

कानांत पाणी शिरले तसे जग बंद झाले. पाणी गाळणाऱ्या यंत्राची गुरगुर तेवढी खालून येत राहिली. दोन खांद्यांच्या मधोमध तळवा स्थिर होता. त्या आधारावर एकावन्न वर्षांचे ते शरीर हळूहळू सैल झाले आणि आनंदरावांना स्वतःचेच नवल वाटले.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे फिरवले. भीमाप्पा काठावरच्या बाकावर बसून थर्मासमधून चहा ओतत होते.

पाठीखालचा तळवा जागेवर होता.

आनंदराव दचकले, अंग मुडपले आणि घोटभर पाणी प्याले. उभे राहून त्यांनी विचारले, "आप्पा, हात कधी काढलात?"

"कवाच. धापर्यंत मोजायच्या आदीच. समद्यास्नी तसंच शिकवायचं आसतं."

 घरी जाताना आनंदरावांच्या मनात एक गोष्ट सलत राहिली. पहिला तळवा रुंद होता. नंतरचा लहान होता.

२

समंजस माणसाने अशा वेळी जे करावे तेच त्यांनी केले. त्यांनी कारण शोधले. टोपी काढल्यावरही घटकाभर ती डोक्यावर असल्यासारखी वाटते. त्वचेला सवय लागते, तसाच हा भास. लहान वाटला तो थंड पाण्यामुळे. एवढे ठरवून ते झोपले आणि शांत झोपले.

मंगळवारी ते पुन्हा उताणे झाले. भीमाप्पा दुसऱ्या टोकाला आदर्शला श्वास धरायला शिकवत होते. जवळ कोणी नव्हते. तळवा आला. धसमुसळेपणाने नव्हे, झोपलेल्या मुलाला उचलताना आई हात सरकवते तसा, चाहूल न देता आला.

आनंदरावांनी आपला उजवा हात पाण्यातून हळूच पाठीमागे नेला. बोटांना मनगट लागले नाही. ओले, जाड कापड लागले. कापडाच्या कडेला बटण होते. बाहीचे बटण.

तलावात उतरलेल्या चौदा जणांच्या अंगावर पोहण्याचे कपडे होते. पूर्ण बाहीचा सदरा कोणीच घातला नव्हता.

त्यांनी हात झटकन पुढे घेतला. हा हात कोणाचा, असे विचारण्याची त्यांना गरज पडली नाही. खरी भीती त्याचीच होती.

३

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जिल्ह्यावरून एक कन्नड तक्ता आला होता. नाव, बिल्ला क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात, पोहता येते काय. संध्याकाळपर्यंत भरून पाठवायचा होता. आनंदरावांनी पहिल्या नावापुढे 'हौदु' लिहिले, म्हणजे होय. मग पट्टी न घेता, सवयीच्या हाताने, खालच्या सर्व नावांपुढे डिट्टोच्या खुणा ओढल्या. 'नाही' लिहिले की वरून खुलासा मागतात. खुलाशाचा कागद रायटरलाच लिहावा लागतो. ठाण्यात ते कोणालाही विचारायला उठले नाहीत.

सातवे नाव करिष्माचे होते. चोवीस वर्षांची शिपाई, निपाणीची. आई तानीबाई विड्या वळून घर चालवणारी. पोरगी बोलायला मोकळी, पण साहेबांसमोर मान खाली घालणारी.

आषाढात नदी गावात शिरली. बोटीत माणसे अधिक आणि तरंगणारी जाकिटे कमी. "ज्यांना पोहता येतं त्यांनी जाकिटं गावकऱ्यांना द्या," असे साहेब म्हणाले. त्यांच्या हातात तोच तक्ता होता. करिष्माने क्षणभर तक्त्याकडे पाहिले, काठावर उभ्या असलेल्या अण्णांकडे पाहिले आणि जाकीट काढून एका म्हातारीच्या गळ्यात घातले. अर्ध्या तासाने दोर धरायला वाकली, ती गेली. तिसऱ्या दिवशी सापडली.

चौकशी झाली. पोहता येत असूनही प्रवाहाच्या जोरामुळे मृत्यू, असा निष्कर्ष निघाला. निष्कर्षाची प्रत आनंदरावांनीच टंकित केली.

माणूस खोटे बोलतो तेव्हा निदान समोर कोणी ऐकणारा असतो. कागदावरच्या खोट्याला तेवढेही साक्षीदार लागत नाहीत. आनंदराव हे जाणत होते. म्हणूनच सकाळी आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेताना सात नद्यांची नावे घेण्याची त्यांची जुनी सवय गेल्या आषाढात तुटली होती. नावे ओठांपर्यंत येत आणि तेथेच अडत.

४

बुधवारी भीमाप्पा चहा न घेता काठावर बसून राहिले होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तीस वर्सं झाली शिकवतोय अण्णा," ते म्हणाले. "चौदा मानसं तीन दिवसांत तरंगायला लागली, आसं कवा बघितलं न्हाय. निम्मी तरी बुडाय पायजेत. खोकायला पायजेत, रडाय पायजेत. ही समदी फुलागत तरंगायल्यात. मला हे बरं दिसंना."

"चांगलं शिकवता तुम्ही."

"मी काय शिकवलं न्हाय. हात काढला की मानूस धा येळा खाली जातंय, मग शिकतंय. ही कुनीच खाली जाईनात."

त्या दिवशी कपडे बदलून बाहेर पडताना सौम्या आनंदरावांजवळ रेंगाळली. ठाण्यात नवी आलेली, बावीस वर्षांची, सदलग्याची मुलगी. करिष्माच्या जागेवरच तिची नेमणूक झाली होती.

"अण्णा, एक विचारू? हसायचं न्हाय."

"विचार, बाळ."

"तुमालाबी लागतो काय? पाठीला?"

आनंदराव थांबले. आदर्शने मागून ऐकले होते. "तिला पाण्यात कोन तरी धरतंय म्हनं अण्णा! लगीन ठरवा तिचं."

"तू गप रं," सौम्या म्हणाली. पण आदर्शही पुढे काही बोलला नाही. तो नुसता आपल्या ओल्या टॉवेलाकडे पाहत राहिला. तेवढ्यावरून आनंदरावांना कळले की त्यालाही लागत होता. सगळ्यांनाच लागत होता.

"मला भ्या वाटत न्हाय त्याचं," सौम्या हळू आवाजात म्हणाली. "लई बरं वाटतं. तापात आई पाठीवरनं हात फिरवती न्हवं, तसं. मला खरं म्हंजे काय बी येत न्हाय, अण्णा. तो हात हाय म्हनून मी वर हाय."

 दया आणि भीती एकाच वेळी इतक्या जवळून आनंदरावांनी कधी अनुभवली नव्हती.

५

गुरुवारी दुपारी साहेबांचा फोन आला. नवा तक्ता उद्याच हवा होता. "भीमाप्पांशी बोललो मी. सगळे तरंगतात म्हणे. मग रायटर, परीक्षेची वाट कशाला बघता? भरून ठेवा. सौम्याला पहिल्या बोटीवर घ्या, बायका-मुलांना धीर येतो."

"साहेब, परीक्षा होऊ दे."

"औपचारिकता आहे हो ती!"

आनंदराव घरी टेबलाशी बसले. कागद तोच, रकाना तोच. या खेपेस 'हौदु' लिहिणे खोटेही ठरले नसते. चौदा माणसे डोळ्यांदेखत तरंगत होती. पण हा तलाव होता. नदीत तो तळवा असेल का? आणि असला, तर ज्या नदीने त्या हाताला स्वतःलाच वर येऊ दिले नाही, तिच्यात तो सौम्याला किती वेळ धरून ठेवील?

करिष्मा आपल्या परीने चांगलेच करत होती. कोणी बुडू नये म्हणून धरत होती. पण तिच्या मायेने तोच खोटा शेरा पुन्हा तयार होत होता आणि आषाढ सात आठवड्यांवर आला होता.

त्यांनी तक्ता कोरा ठेवला आणि उठून भीमाप्पांना फोन लावला.

"आप्पा, उद्या मी पहिला उतरतो. खोल बाजूला. माझं होईपर्यंत कोणाला पाण्यात सोडू नका."

"आयतु, तसंच करू," भीमाप्पा म्हणाले. मग थोडे थांबून, "अण्णा, एक ध्येनात ठेवा. पान्यात कुनी मिठी मारली, कुनी बी, तर वर जायला धडपडायचं न्हाय. खाली जायचं. खाली गेलं की बुडनारा आपसूक सोडतो. त्येला वर पायजे आसतं."

 

६

शुक्रवारी परीक्षा गणवेशात होती. पूर्ण वर्दी, पायांत बूट. उडी घ्यायची, आधी बूट काढून टाकायचे, मग दहा मिनिटे तरंगायचे. खोल बाजूला बारा फूट पाणी. सकाळचे ऊन तळापर्यंत पोहोचत होते आणि तळाच्या पांढऱ्या फरशा मोजता येत होत्या.

आनंदराव पाण्यात पडले. धडपडत बूट काढले. उताणे झाले. तळवा आला.

काठावर तेरा माणसे आणि भीमाप्पा उभे होते. आनंदराव आभाळाकडे पाहत, ओठ हलतील न हलतील असे बोलू लागले.

"करिष्मा. पोरी, मी अण्णा. तुला कोणी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं. चार पावलांवर तुझं टेबल होतं. मी उठलो नाही. तुझ्या नावापुढं मी शब्दसुद्धा लिहिला नाही, नुसती खूण ओढली."

यंत्राची गुरगुर थांबल्यासारखी झाली.

"आता हात काढ. ह्यांना बुडू दे. इथं बुडू दे, आप्पांच्या समोर, म्हणजे शिकतील. तू धरून ठेवलंस तर आषाढात जातील, बाळ."

तळवा थरथरला. आनंदरावांना वाटले, आता तो निघेल. तो निघाला नाही. बोटे मिटली आणि त्यांच्या सदऱ्याचे कापड मुठीत आले. दुसरी मूठ कमरेपाशी आली. मग सगळे वजन त्यांच्या पाठीवर आले आणि त्यांना उमगले की ती त्यांना नुसती सावरत नव्हती. दहा महिने ती स्वतःच काहीतरी धरायला शोधत होती.

वर जाण्यासाठी देहाचा कण न् कण धडपडू पाहत होता. त्यांनी देवाचे नाव घेतले, फुप्फुसातला श्वास अर्धा सोडला आणि ते खाली गेले.

तळाशी पाय टेकल्यावर त्यांनी डोळे उघडले. सगळीकडे स्वच्छ निळे पाणी होते. त्यांच्या मागे मात्र, माणसाएवढ्या जागेत, गढूळ, तांबडे पाणी होते. पुराचे पाणी. त्यात खाकी बाही दिसली. चेहरा दिसला नाही. त्यांनी तो पाहण्याचा प्रयत्नही केला नाही. खाली दोन काळे बूट दिसले. नाड्या घट्ट, दुहेरी गाठीच्या.

तिला कोणी सांगितलेच नव्हते, आधी बूट काढायचे म्हणून.

आनंदराव वळून गुडघ्यांवर बसले. छातीत आग पेटली होती. बोटे बधिर. पहिली गाठ सुटायला फार वेळ लागला. दुसरी सोडवताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी त्यांनी नाडी सोडली नाही. ती सुटली तेव्हा सदऱ्यावरची मूठही सुटली. कोणीतरी अगदी हलकेच त्यांच्या पावलांना स्पर्श केला, थोरामोठ्यांना नमस्कार करताना करावा तसा. मग पाठीला पाण्याशिवाय काही उरले नाही.

ते वर आले तेव्हा भीमाप्पांनी फेकलेले तरंगते कडे शेजारीच पडले होते. त्यांना ओढून काठावर घेतले.

"तळाशी काय करत हुता एवढा येळ? मी उडी मारनार हुतो!"

"नाडी सोडवत होतो," आनंदराव धापा टाकत म्हणाले.

"कसली नाडी? बूट तर तुमी वरच काढलं न्हवं!"

 भीमाप्पांनी आनंदरावांच्या तोंडाकडे पाहिले आणि सौम्याला हाक मारली.

मग सौम्या उतरली आणि दगडासारखी खाली गेली. भीमाप्पांनी तिला गळपट्टीला धरून वर काढले. ती खोकली, रडली, पाणी ओकली. "हात न्हवता अण्णा," ती हुंदके देत म्हणाली. "आज हात न्हवता."

"नाही बाळ. आता नसेल."

"मग मी शिकीन. पर आत्ता मला येत न्हाय. लिवा तसं."

तासाभरात चौदांपैकी नऊ जण बुडाले आणि काढले गेले. आदर्श तर दोनदा. भीमाप्पा भिजून चिंब झाले होते आणि चार दिवसांत प्रथमच त्यांच्या तोंडावर समाधान दिसत होते. "आत्ता बरोबर वाटतंय," ते म्हणाले. "आता ह्यास्नी महिनाभर माझ्याकडं सोडा."

आनंदरावांनी ओल्या अंगानेच तक्ता भरला. नऊ नावांपुढे 'इल्ला' लिहिले, म्हणजे नाही; प्रत्येकापुढे पूर्ण शब्द, स्वतंत्रपणे. पहिला स्वतःच्या नावापुढे. मग दुसरा एक कोरा कागद घेतला आणि गेल्या वर्षीच्या चौकशीसंबंधी चार ओळींचा जबाब लिहून, सही करून, दोन्ही कागद साहेबांकडे पाठवले.

७

शनिवारी ते निपाणीला गेले. तानीबाई दारात सुपात पाने घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. आत भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली वर्दीतल्या मुलीचा फोटो होता. आनंदरावांनी बसायला नकार दिला आणि उभ्यानेच सगळे सांगितले. तक्ता, खूण, जाकीट, चौकशी. काल पाठवलेला जबाब. तलावातले मात्र काही सांगितले नाही.

तानीबाईंची बोटे थांबली नाहीत. एक विडी पुरी झाली, तिच्यावर दोरा बांधला गेला.

"तिला पवायला येत न्हवतं, हे मला म्हाईत हाय साहेब," त्या म्हणाल्या. "मलाबी येत न्हाय. माझ्या आईला न्हवतं येत. आमच्या मानसास्नी कुठल्या हिरीत उतरू देत हुते, शिकायला? तुमी नुसतं इचारलं आसतं, तर पोरीनं खरं सांगितलं आसतं. ती खोटं बोलत न्हवती."

"नव्हती," आनंदराव म्हणाले. "खोटं मी लिहिलं."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

तानीबाईंनी सूप बाजूला ठेवले. आवाज खाली आणला, शेजारच्या घराला ऐकू जाऊ नये तसा.

"काल सकाळी ही दारं अशीच उघडी हुती. मी चुलीपाशी हुते. ड्यूटीवरनं आली की ती हितं उंबऱ्यावर बसायची, बूट काढायची. दोन आवाज व्हायचं. आदी एक, मग दुसरा. काल झालं तसं."

आनंदराव उंबऱ्याकडे पाहत राहिले.

"तुम्ही बाहेर येऊन पाहिलंत?"

"न्हाय," तानीबाई म्हणाल्या. "दमून आलेल्या लेकराकडं लगीच बघू न्हाय. मी च्याला आधन ठेवलं."